शाळा बांधायला निघालात? आधी पाणी मारायला शिका

बांधकामावर पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक स्वयंसेवकाला हातात थापी हवी असते. मलाही हवी होती. पहिल्या सकाळी मिस्त्रीकाकांनी मला बादली दिली आणि म्हणाले, "कालच्या भिंतीला पाणी मारा. दुपारी परत मारा. संध्याकाळी परत." आठवडाभर मी तेच केलं, आणि त्या आठवड्यात मला कळलं की त्या शाळेच्या भिंतीत माझा खरा वाटा कुठला असेल तर तो हाच.

एखाद्या खेड्यात शाळा उभी करायला हातभार लावण्यासाठी पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. कामाच्या क्रमानेच जाते.

हो म्हणण्याआधी

ज्यांच्यामार्फत जाणार आहात त्यांना चार गोष्टी विचारा. शाळा कुणी मागितली? जमीन कुणाच्या नावावर आहे आणि तसा कागद झाला आहे का? शिक्षक कोण देणार आणि त्यांचा पगार कोण करणार? नकाशा कुणी काढला, आणि बांधकाम चालू असताना तो अभियंता येऊन बघणार आहे का? चारही उत्तरं सरळ मिळाली तर खुशाल जा. तिसऱ्या प्रश्नावर लोक घुटमळायला लागले तर थांबा. शिक्षक नसेल तर ती नुसती खोली आहे, आणि रिकाम्या खोलीत वर्षभरात गवताच्या गंज्या किंवा पोती येऊन पडतात.

शाळा गावाने मागितलेली असली की काय होतं, याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण बुर्किना फासोमधल्या गांदो गावाचं आहे. फ्रान्सिस केरे त्या गावचाच मुलगा. जर्मनीत वास्तुरचना शिकत असतानाच त्याने गावासाठी शाळेचा आराखडा केला, आणि २००१ मध्ये ती शाळा उभी राहिली. मुलांनी पायासाठी दगड गोळा केले, बायकांनी विटा पाडायला पाणी वाहून आणलं. तरीही मातीच्या विटांची शाळा टिकेल हे गावाला पटवायला त्याला बराच वेळ द्यावा लागला, कारण मातीची घरं पावसात खचताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्याने मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा केल्या, पावसापासून भिंती वाचवायला छप्पर भिंतींच्या बरंच बाहेर काढलं, आणि पत्रा छतापासून उंच उचलून बसवला, म्हणजे तापलेली हवा मधल्या फटीतून निघून जाते. पुढे २०२२ मध्ये त्याला प्रित्झ्कर हा वास्तुरचनेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला. गावच्याच मुलाला जर एवढं समजावावं लागलं, तर दोन आठवड्यांसाठी आलेल्या आपण किती ऐकून घ्यायला हवं याचा विचार करा.

किती दिवस जायचं? दोन दिवसांसाठी जाऊ नका. दोन दिवसांत तुम्हाला काम शिकवण्यातच मिस्त्रींचा वेळ जातो. किमान दोन आठवडे द्या. शेतीची घाई कधी असते तेही विचारून घ्या. त्या दिवसांत गावातली माणसं कामावर नसतात आणि मग सगळं बाहेरच्यांवर येऊन पडतं. तसं होऊ द्यायचं नाही.

सोबत काय घ्यायचं

बंद बूट, जाड तळव्याचे. सेंटरिंगच्या, म्हणजे ओलं काँक्रीट तोलून धरणाऱ्या साच्याच्या, फळ्यांमधले खिळे चपलेतून आरपार जातात. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी, स्वतःची पाण्याची बाटली. धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेऊन ठेवा. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, हे पुष्कळांना माहीत नसतं. ते लगेच झोंबत नाही, म्हणूनच फसवतं. बुटात माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण, गेला आणि तसंच दिवसभर काम केलं तर संध्याकाळी पायाला फोड आलेले दिसतात. अंगाला लागलं की लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मोजे भिजले तर बदला. डोळ्यात गेलं तर पाण्याची धार सोडत राहा आणि डॉक्टरकडे जा.

पहिला दिवस

कामाला हात लावू नका, नुसतं बघा. मिस्त्री कोण, त्यांच्या हाताखाली कोण, पाणी कुठून येतं, सिमेंट कुठे ठेवलंय, दुपारी काम कधी थांबतं. शब्द शिकून घ्या, कारण हाका त्याच शब्दांत येतात: घमेलं, फावडं, थापी, ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं, दोरीला बांधलेलं वजन), गुण्या (काटकोन बघायचं साधन), धुम्मस (माती ठोकून बसवायचं वजन), खडी, सळई, माल. "माल आणा" म्हटल्यावर गोंधळून उभं राहणारा माणूस कामाच्या वाटेत येतो.

मिस्त्रींशी आदराने वागा. तुम्ही कितीही शिकलेले असा, इथे ते गुरू आहेत. एखादी गोष्ट चुकीची वाटली तर चारचौघांत बोलू नका, बाजूला जाऊन विचारा. बहुतेक वेळा त्याला कारण असतं. आणि खरोखरच चूक दिसली, म्हणजे नकाशात चार सळया आहेत आणि इथे तीनच टाकल्या आहेत, तर मात्र गप्प बसू नका, अभियंत्यापर्यंत पोचवा.

आखणी

मला बांधकामातला हा भाग फार आवडतो. मोकळ्या जमिनीवर दोन खुंट्या, एक दोरी आणि रेघा आखायची पांढरी फक्की, आणि बघता बघता शाळा जमिनीवर उमटते.

काटकोन कसा काढतात ते नीट बघा, यात स्वयंसेवक खरोखर उपयोगी पडतो. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर ३ मीटरवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर ४ मीटरवर. या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ मीटर आलं की कोपरा काटकोनात आहे. नसेल तर दुसरी दोरी हळूहळू सरकवत जा. चारही कोपरे झाले की समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं तिरकं अंतर मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. बोटभराचा फरक आला तरी मिस्त्रींना सांगा. आज खुंटी सरकवायला मिनिट लागतं, उद्या छपराचा पत्रा कोपऱ्यात कमी पडला तर कुणालाच काही करता येत नाही.

मग पाणसळ. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक या खुंटीला, दुसरं त्या खुंटीला. दोन्हीकडे पाणी ज्या उंचीला थांबतं ती पातळी एक. फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी चुकते. गावातली मोठी मुलं हे बघायला जमतात. त्यांना नळी धरू द्या. खोदकाम सुरू होण्याआधीची ही एकच वेळ आहे, एरवी मुलांना बांधकामाच्या दोरीच्या आत येऊ द्यायचं नाही.

पाया

खोदणं हे अंगमेहनतीचं काम, आणि इथे तुमचे हात हवेच आहेत. किती खोल जायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. घट्ट जमीन लागेपर्यंत, आणि ती लागली हे अभियंता सांगेल. काढलेली माती चराच्या काठावर रचू नका, निदान एक मीटर लांब टाका. काठावरच्या ओझ्याने कड ढासळते. चर छातीएवढा खोल गेला आणि कडा टेकू न देता उभ्या असतील तर आत उतरू नका, कुणी कितीही घाई केली तरी. माती अंगावर पडायला क्षण पुरतो.

तळ साफ करणं हे दुसरं दुर्लक्षित काम. सुटी माती, पालापाचोळा, साचलेलं पाणी सगळं काढा, मग धुम्मस मारा. पायाखाली राहिलेली ओंजळभर भुसभुशीत माती पुढे भिंतीला तडा देते.

सामान तपासणं

मिस्त्री कामात असतात, तपासायला वेळ नसतो. ही जबाबदारी मागून घ्या.

वाळूसाठी काचेची सरळ बरणी घ्या. अर्ध्याहून कमी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि काही तास ठेवून द्या. वाळू खाली बसते, तिच्यावर गाळाचा मऊ थर बसतो. हा थर वाळूच्या उंचीच्या साधारण ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर ती वाळू धुवायला हवी किंवा परत पाठवायला हवी. बरणी सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. गावातल्या माणसांना एकदा हे दाखवलं की पुढची गाडी आली की ते स्वतःच बरणी काढतात.

विटा: दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज आला पाहिजे, नखाने ओरखडा उठता कामा नये, आणि मीटरभर उंचीवरून जमिनीवर आडवी पडली तर फुटता कामा नये.

सिमेंट: पोती जमिनीवर टेकवू नका, भिंतीला लावू नका, फळ्यांवर रचा, दहापेक्षा जास्त थर नको, वरून प्लास्टिक. आधी आलेलं आधी वापरा. पोत्यात हात घातल्यावर गार, मऊ लागलं पाहिजे. बोटांनी न फुटणारे खडे झाले असतील तर ते पोतं खांब-स्लॅबला वापरायचं नाही.

माल कालवताना

प्रमाण अभियंता देईल. खांब, तुळया आणि स्लॅबच्या काँक्रीटला छोट्या कामांवर बहुधा एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं धरतात. घमेल्याने अंदाजे मोजू नका, मापाची पेटी म्हणजे फर्मा वापरा, आणि मोजणारा माणूस दिवसभर एकच ठेवा. मोजणं स्वयंसेवकाला अगदी योग्य काम आहे. कंटाळवाणं आहे, पण लक्ष लागतं.

पाणी. इथे मी चुकले होते. माल फावड्याला जड लागत होता, माझ्या खांद्यात गोळे आले होते, म्हणून मी त्यात अर्धी बादली पाणी ओतलं. फावडं एकदम हलकं फिरू लागलं. काकांनी लांबूनच रंग ओळखला. ओरडले नाहीत. तो सगळा माल त्यांनी बाहेरच्या पायवाटेखाली भरायला लावला आणि मला जवळ बसवून सांगितलं: सिमेंटला लागतं तेवढंच पाणी सिमेंट घेतं, उरलेलं नंतर उडून जातं आणि जिथे होतं तिथे बारीक पोकळी सोडून जातं. ५० किलोच्या एका पोत्याला साधारण २५ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. त्यानंतर मी कधी मनाने पाणी घातलं नाही. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवा. घट्ट होत आला म्हणून पुन्हा पाणी घालून नरम करायचा नाही.

भिंत

तुमचं काम विटा भिजवण्याचं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. हौदात टाका, बुडबुडे यायचे थांबले की काढा, थोडं निथळू द्या, मिस्त्रींच्या हाताशी रचून ठेवा. मागितल्यावर वीट द्यायची नाही, मागण्याआधी हाताशी असली पाहिजे. चांगला बिगारी आणि नवा बिगारी यांतला फरक एवढाच आहे.

वीट रचायची इच्छा असेल तर मिस्त्रींना विचारा, पण मुख्य भिंतीवर शिकू नका. आवाराची बुटकी भिंत, झाडाभोवतीचं कट्ट्याचं काम, यावर हात बसवा. सांधा साधारण १ सेंटिमीटरचा, वरच्या थराचा उभा सांधा खालच्या विटेच्या मधोमध, आणि प्रत्येक थराला ओळंबा. एका दिवसात भिंत मीटर-दीड मीटरपेक्षा जास्त चढवत नाहीत, खालचा ओला माल दबतो. काम वेगाने पुढे नेण्याचा उत्साह इथे आवरावा लागतो.

ज्या भागात भूकंप होतात तिथे जोत्याच्या, खिडकी-दरवाजांच्या वरच्या आणि छपराच्या पातळीवर सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे घालतात. हे पट्टे कधीही "वाचवू" देऊ नका. ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरच्या भूकंपात सकाळची शाळा भरलेली होती, आणि पाकिस्तानच्या बाजूला हजारो मुलं वर्गांतच गाडली गेली. २५ एप्रिल २०१५ ला नेपाळ हादरलं तेव्हाही शाळा मोठ्या संख्येने पडल्या, पण तो शनिवार होता, तिथला सुटीचा दिवस, म्हणून वर्ग रिकामे होते. मी कुठल्याही शाळेच्या कामावर जाते तेव्हा हा शनिवार माझ्या डोक्यात असतो. आपण बांधतो ती भिंत सुटीच्या भरवशावर उभी राहता कामा नये.

स्लॅबचा दिवस

सळयांवर चालू नका, फळ्या टाकून त्यांवरून चाला. पायाने दबलेली सळई काँक्रीटच्या खालच्या अंगाला येते आणि काही वर्षांत गंजून बाहेर डोकावते. खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळया फळीपासून वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, जागेवर आहेत का ते एकदा वाकून बघा. साखळी करून घमेली द्या, कमरेतून वळू नका, पायांनी वळा, आणि दर तासाला जागा बदला. एकदा सुरू झालेली स्लॅब मध्ये थांबत नाही. सेंटरिंग कधी काढायचं हे मिस्त्री आणि अभियंता ठरवतील. टेकूला कुणी हात लावत असेल तर थांबवा.

आणि आता पाणी

सिमेंट वाळून घट्ट होतं असं पुष्कळांना वाटतं. ते वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया चालू राहते तोवर ते बळ धरतं. पाणी संपलं की क्रिया थांबते आणि उरलेलं बळ कायमचं जातं. पहिल्या सात दिवसांत काँक्रीट आपल्या २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचतं. म्हणून पाणी मारायचं ते किमान सात दिवस, कडक उन्हात दहा, आणि जमेल तिथे चौदा.

स्लॅबवर काँक्रीट घट्ट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मालाच्या छोट्या कडा घालून वाफे करा आणि त्यांत बोटभर पाणी भरून ठेवा. खांबांना गोणपाट गुंडाळा आणि ते सतत ओलं ठेवा. एकदा भिजवून दोनदा वाळू देण्यात अर्थ नाही. विटांच्या भिंतीवर धार जोरात मारू नका, ताज्या सांध्यांतला माल धुऊन जातो. बादलीत हात बुडवून शिंपडा, किंवा नळीच्या तोंडावर अंगठा धरून फवारा करा. भिंतीचा रंग गडद झाला की पुरे. तो फिका पडायला लागला की परत.

पाणी कुठून घेता ते आधी गावाला विचारा. जिथे बायका डोक्यावरून पिण्याचं पाणी आणतात तिथे त्याच पाण्याने भिंती भिजवणं बरोबर नाही. गोणपाट आणि प्लास्टिकच्या कापडाने निम्म्याहून कमी पाण्यात काम भागतं.

नकाशात नजर टाकण्यासारखं

हे ठरवणं तुमच्या हातात नसतं, पण वेळेत विचारलं तर बदल होतात. दरवाजे बाहेरच्या बाजूला उघडतात का? खिडक्या समोरासमोर आहेत का, म्हणजे वारा खेळेल? चाकाच्या खुर्चीतलं मूल आत येऊ शकेल असा उतार आहे का. एक हात उंचीला बारा हात लांबी लागते. फळा मुलांच्या उंचीला आहे का?

शौचालय शाळेबरोबरच झालं पाहिजे, "नंतर बघू" म्हणजे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा: २५ मुलींमागे एक शौचकूप, ५० मुलांमागे एक शौचकूप आणि एक मुतारी. मुलींचं वेगळं, आतून कडी लागणारं, आत पाणी असलेलं. वयात आलेल्या मुली शाळा सोडतात त्यामागे ही न लागणारी कडी फार वेळा असते. खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर दूर हवा.

मुलांशी वागताना

फोटो काढण्याआधी आईवडिलांना विचारा. कुठल्याही मुलासोबत एकटे बंद जागेत थांबू नका. खाऊ, वस्तू वाटत फिरू नका. द्यायचंच असेल तर शिक्षकांकडे शाळेसाठी द्या. निघताना "पुन्हा येईन" असं मुलांना म्हणायचं तर यायची तयारी हवी. मुलं तारीख लक्षात ठेवतात.

निघण्याआधी

माझ्या पहिल्या कामावर स्लॅब पडल्याच्या तिसऱ्या दिवशी आमचा गट निघाला. निरोप झाला, फोटो झाले. पाणी कोण मारणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. मिस्त्री दुसऱ्या कामावर गेले होते, गावकऱ्यांना वाटलं काम झालं. चार महिन्यांनी गेले तर वर स्लॅबला केसासारख्या बारीक रेषा होत्या, आणि वऱ्हांड्याच्या तळाशी हात फिरवला की बोटांना पीठ लागायचं. ती फरशी पुन्हा करावी लागली, आणि त्याचे पैसे गावाने काढले.

म्हणून आता निघायच्या दोन दिवस आधी सगळ्यांना एकत्र बसवते. नकाशाची एक प्रत शाळेत राहते. किल्ली कुणाकडे, पत्र्याचे बोल्ट आणि नळाचे वायसर कुणाकडे, पावसाआधी छप्पर कोण बघणार, डागडुजीचा पैसा कुठे साठणार, ही नावं लिहून घेते. आणि दरवाजाच्या चौकटीशेजारी खडूने १ ते १४ आकडे लिहिते, प्रत्येक आकड्यापुढे एका घराचं नाव. ज्या घराची पाळी त्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारायचं आणि रात्री आकड्यावर रेघ ओढायची. मागच्या वेळी मी निघाले तेव्हा पाचव्या आकड्यावर रेघ पडली होती, आणि सहाव्या घरातली आजी नळी खांद्यावर टाकून शिडीखाली उभी होती, वर चढायला नातवाची वाट बघत.